बिनविरोध फायनल

अप्पा, मैदानावर तुम्ही कधी खुर्चीत बसला नाहीत. कुणी खुर्ची आणून ठेवली की ती एखाद्या म्हाताऱ्याला द्यायचात आणि धोतराचा सोगा मुठीत धरून रेषेच्या कडेनं चेंडूबरोबर पळायचात. पाहुणे मांडवात आणि अध्यक्ष उन्हात, अशी आमच्या तालुका फुटबॉल संघटनेची रीतच पडून गेली होती. त्यामुळं गुरुवारी, तुमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं, तुम्हाला खुर्चीत बसवून, कपाळभर विभूती लावून दारात आणलं तेव्हा मला आधी तुमचं जाणं दिसलंच नाही. तुम्ही बसलाय एवढंच दिसलं. आता उठतील आणि विचारतील, "कुणी ठिवली रं ही खुर्ची?", असं शेतापर्यंत वाटत राहिलं. विहिरीच्या बांधाजवळ खणलेल्या खड्ड्यात तुम्हाला तसंच बसवलं. स्वामींनी मंत्र म्हटले, बेलाची पानं पडली, मग माती पडायला लागली. मीही मूठभर माती टाकली आणि मागं सरलो.

तुमचा जन्म, तुमची पदं, तुमचा मानपत्रावरचा फोटो, हे सगळं पेपरात येऊन गेलं. ते परत लिहीत नाही. मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. तुमच्या अंगावरची माती वाळायच्या आत आम्ही तुमच्या नावावर दोन खोट्या गोष्टी केल्या. दोन्ही वेळेला मी तिथं हजर होतो, तुमचा चिटणीस म्हणून, कोपरी-धोतर नव्हे तर चांगला इस्त्रीचा शर्ट घालून. मला लाज वाटते, अप्पा. कुणाला सांगावं तर ऐकून घेणारे तुम्हीच होतात. तेही अर्ध्यातच तोडायचात म्हणा. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं तुम्हाला कधी जमलं नाही. आज तरी पुरं ऐका.

पहिली गोष्ट खड्ड्याच्या काठावरच घडली. तहसीलदार आले, पोलिसांनी सलामी दिली, आणि मग एक मोठे पाहुणे भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "ज्या हातांनी निजामाचा नाका पेटवला, ते हात आज शांत झाले." लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. मान हलवून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय केलं.

कारण दरवर्षी मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला कुणी ना कुणी तो नाका जाळायचं आणि दरवर्षी तुम्ही उठून तो विझवायचात. फेटा बांधून घ्यायची तुम्हाला हौस होती, शाल तर तुम्ही मागून घ्यायचात. पण फेटा नीट करून झाला की माईक धरायचात.

"नाका आमी जाळलाच न्हाई. चौघं गेलतो. रॉकेलचा डबा माझ्याकडं. दाराला शिंपडलं, छपराला शिंपडलं, समदं केलं. आन मंग एकामेकाची तोंडं बघत उभारलो. काडीपेटी कुणीच आणली नव्हती."

लोक खो खो हसायचे. तुम्ही हसू संपेपर्यंत थांबायचात.

"तेवढ्यात शिपाई उठले. आमी पळालो. तिघं पळालो. तिमण्णा मागं राहिला, त्याला गोळी लागली. हसा आता."

आणि खाली बसायचात. मांडवात खोकलासुद्धा ऐकू यायचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कुणी तरी नाका जाळायचंच.

तेव्हापासून तुमच्या खिशात काडीपेटी असायची. विडीला कधी शिवला नाहीत, पण मैदानावर कुणालाही विडी पेटवायची असली की अध्यक्षांकडं जायचं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. गुरुवारी तुम्हाला आंघोळ घालताना सदऱ्याच्या खिशातून ती निघाली. तुमच्या कारभारणीनं, अक्कांनी, ती पदराच्या गाठीला बांधून ठेवली. मी ते बघितलं, आणि तासाभरानं खड्ड्याच्या काठावर मान हलवली. एक वाक्य बोलायचं होतं. नाका जळाला नाही, तिमण्णा गेला. एवढं बोलायला मला जागा नव्हती असं नाही. तहसीलदारांच्या पुढं जायला पाय उचलला नाही, एवढंच.

तुम्ही राजकारणात गेलात, पंचायत समितीवर आलात, सहकारातली माणसं तुमच्या ओसरीवर बसायला लागली. पण तुमचा जीव हैदराबादेतच अडकलेला होता. तिथल्या बोर्डिंगात उर्दू आणि फुटबॉल शिकलात, आणि पुढं ज्या राज्याशी लढलात त्याच राज्याच्या या दोन गोष्टी जन्मभर उराशी धरल्यात. खेळ रंगात आला की तुमच्या तोंडाला मराठी पुरायची नाही. "मियाँ, गेंद कू कायकू देखते, आदमी कू देखो" असं एका दमात आणि पुढच्याच दमात कानडीत "बिडो, बिडो", म्हणजे सोड, सोड. आमच्यातल्या निम्म्या पोरांना दोन्हीतलं काही कळायचं नाही, पण काय करायचं ते कळायचं.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही आम्हाला मैदान दिलंत. लोक काय काय बोलले तुम्हाला. प्यायला पाणी न्हाई आन ह्याला चेंडू सुचूलालाय. प्रत्यक्षात मैदानाचं काम असं निघालंच नव्हतं. काम होतं रस्त्याचं आणि रस्त्याला मुरूम लागत होता. तो कुठूनही खणता आला असता. तुम्ही गावाबाहेरच्या माळाचा उंचवटाच खणायला लावलात, चारी बाजूंनी सारखा. रस्ता झाला आणि मागं उरलं ते सपाट मैदान. मी तेव्हा नुकताच कॉलेज सोडून आईबरोबर त्या कामावर पाटी वाहत होतो. तुम्ही एक काचेची बाटली अर्धी पाण्यानं भरून, आडवी धरून, एक डोळा मिटून लेव्हल बघायचात. आई एकदा टोपलं खाली ठेवून तुमच्यासमोर उभी राहिली.

"मालक, ती पानी प्यायला हाय का बगायला?"

तुम्ही बाटली तिच्या हातात दिलीत. तिनं ती रिकामी केली. तो मैदानाचा उगवतीकडचा कोपरा. तिथं चेंडू आजही उलटासुलटा उसळतो. खरं म्हणजे खाली पाषाण आहे, पहारीला दाद देत नाही. पण आई आजही सांगते की तो कोपरा तिनं पिऊन टाकला. आणि तुम्ही त्या कोपऱ्याला आमचा बारावा गडी म्हणायचात.

त्याच मैदानावर तुम्ही पहिला संघ उभा केलात आणि पाण्याची एकच घागर ठेवलीत. आम्ही बौद्धवाड्यातले तिघे होतो. घागरीपाशी पहिल्या दिवशी जरा चुळबुळ झाली. तुम्ही भाषण दिलं नाहीत. मला हाक मारलीत, "सुखदेवा, तू आदी पी", आणि माझ्यानंतर त्याच तांब्यानं स्वतः प्यायलात. ज्यांना प्यायचं नव्हतं त्यांना तुम्ही त्या दिवशी उन्हात अर्धा तास जास्त पळवलंत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तहान लागली.

तुमचे सगळे गुण गात नाही. मॅचला जरा उशीर झाला म्हणून एका फायनलला तुम्ही मला बाहेर बसवलंत आणि कारण ऐकूनसुद्धा घेतलं नाहीत. एस.टी. बंद पडली होती. घरात अक्कांनी किती पोरांच्या भाकरी थापल्या, त्याची तुम्ही कधी विचारपूस केली नाहीत. पण एक गोष्ट तुम्ही कधी चुकवली नाहीत. मॅच संपली की जिंकलेले नाचायला लागायचे आणि तुम्ही मात्र हरलेल्यांच्यात जायचात. तिथं मात्र बसायचात, मातीत, मांडी घालून. समजूत काढायचात असंही नाही. "तुझा डावा पाय कुठं होता रं?" असलं काहीतरी विचारायचात. ते हळूहळू बोलायला लागायचे. मग घरी. दारातच अक्का विचारायच्या, "कोण हरलं?" कोण जिंकलं असं त्या घरात कुणी विचारत नव्हतं.

आता निवडणुकीचं बोलतो. ते आपल्यात राहून गेलंय.

तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचं चेअरमनपद तुम्हाला द्यायचं, बिनविरोध, असं सगळ्यांचं ठरलं होतं. दोन्ही गटांचं. आपल्याकडं बिनविरोध म्हणजे मोठा मान. ओसरीवर पेढे आले होते. तुम्ही पेढा हातात धरून विचारलंत, "माझ्या इरोधात कोण हाय?"

"कोणीच न्हाई, अप्पा."

"मंग माझं काम चुकलं तर सांगणार कोण?"

लोकांना वाटलं तुम्ही गंमत करताय. तुम्ही खरोखरच माणूस शोधायला निघालात. कुणी तयार होईना. शेवटी खत-औषधांच्या दुकानातल्या एका तरण्याला, मन्मथला, तुम्ही घरी बोलावून, दरडावून अर्ज भरायला लावलात. वर त्याला म्हणालात, "नुसता भरू नको, फिर. मत माग." तो बिचारा आधी लाजत लाजत फिरला. मग त्याला चव आली. आणि तुम्ही पडलात.

संघाच्या आवारात तुम्ही स्वतः त्याला गुलाल लावलात. मी सायकल धरून फाटकात उभा होतो. संघाकडून मैदानाला बोअर मिळणार होती, पोरांच्या कपड्यांची सोय होणार होती, ते सगळं त्या गुलालात गेलं होतं. तुम्ही माझ्याकडं आलात आणि मी म्हणालो, "हरायची एवढी हौस होती तर एकट्यानं हरायचं होतं. आमाला कशाला बुडवलंत?"

पहिल्यांदाच तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ दिलंत.  अंगावरचा गुलाल झटकत पायी घरी निघालात, आणि मी सायकलवर टांग मारून दुसऱ्या रस्त्यानं गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत चेंडू घेऊन माझ्या दारात हजर. जणू काही झालंच नाही. त्यानंतर आपण हजार गोष्टी बोललो, पण ती एक गोष्ट तुम्ही काढली नाहीत आणि मीही काढली नाही. आपलं तेवढं भांडण बाकी आहे.

आता दुसरी खोटी गोष्ट. ती सांगायला मला एवढं मागून यावं लागलं.

तुम्ही गेलात तेव्हा आपली स्पर्धा चालू होती. रविवारी फायनल होती, हिरेगाव आणि बोरवाडी. या दोन गावांचं वैर तुम्हाला माहीत आहे. सेमीफायनललाच कुंपणाचे बांबू उपटले गेले होते. शुक्रवारी चेअरमनांनी मला संघाच्या ऑफिसात बोलावलं. तोच मन्मथ, आता जाड झालाय, चष्मा आलाय. माणूस वाईट नाही. तुमच्या आजारपणात दोनदा जीप पाठवली त्यानं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सर, अप्पांमुळं मी हितं हाय. त्यांच्या मातीवर भांडणं नकोत. दोन्ही सरपंचांशी बोललोय. फायनल बिनविरोध करून टाकू. दोघंबी विजेते. सा म्हयने कप हिकडं, सा म्हयने तिकडं. अप्पांना तीच खरी श्रद्धांजली."

ज्याला तुम्ही विरोधात उभं राहायला शिकवलंत, तो हे बोलत होता. आणि ज्याला तुम्ही पंच करून शिट्टी दिलीत, त्यानं काय उत्तर दिलं? मी म्हणालो, "चालंल."

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. मारामारी नाही, पोलीस नाहीत, उन्हात पळायला नको. घरी येऊन मी निवांत झोपलो.

रविवारी माळ माणसांनी भरला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून लोक आले होते, यंदाही पावसानं दगा दिलाय, रानात काम नाही, तेव्हा बायाही आल्या होत्या. दोन्ही संघ तयार होऊन रांगेत. तुमच्या फोटोला हार घातला, दोन मिनिटं शांतता झाली. मग चेअरमनांनी माईकवरून जाहीर केलं की कैलासवासी अप्पांच्या स्मरणार्थ अंतिम सामना बिनविरोध झाला आहे. अगदी हाच शब्द, अप्पा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं कुणी तरी ओरडेल, निदान हसेल. एकानंही तोंड उघडलं नाही. आपल्या लोकांना हा शब्द इतका ओळखीचा झालाय की चेंडूलासुद्धा तो लागू पडतो यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दोन्ही कप्तानांना बोलावून कपाचा एकेक कान धरायला लावला. फोटोग्राफर म्हणाला, हसा. हिरेगावचा बसवराज जमिनीकडं बघत होता. बोरवाडीचा गोलकीपर रफिक माझ्याकडं वळला.

"सर, खेळायचं न्हाई व्हय?"

"न्हाई."

तो तिथंच खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. नवीन नाड्या होत्या, त्या दिवसासाठी आणलेल्या. मी शिट्टी खिशात टाकली आणि मांडवात चहा प्यायला गेलो.

संध्याकाळी कप कुठल्या गावानं आधी न्यायचा यावर वाद होईल म्हणून मी घाबरून होतो. वाद झालाच नाही. हिरेगावचे म्हणाले, आधी त्यांना द्या. बोरवाडीचे म्हणाले, आधी त्यांना. दोन्ही ट्रॉल्या निघून गेल्या आणि कप मांडवातल्या टेबलावर राहिला. शेवटी मी तो पोत्यात घालून सायकलला बांधून घरी आणला. पूर्वी याच कपासाठी बांबू उपटले जायचे.

आईनं कप कोनाड्यात बघितला. "कुनाचा हाय?"

"दोगांचा."

"दोगांचा म्हंजी कुनाचा?"

 तिनं कपावर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना भेटायला गेलो. बायका उठून आत गेल्या. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदराला काडीपेटीची गाठ तशीच. मी बोलायला शब्द जुळवत होतो तोवर त्यांनीच विचारलं.

"कोण हरलं?"

इतकी वर्षं हा प्रश्न दारात तुम्हाला विचारला जायचा. माझ्या वाट्याला तो पहिल्यांदाच आला.

"कोणीच न्हाई, अक्का. बिनविरोध झाली. अप्पांच्या मानासाठी."

अक्का चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

"मंग खेळलेच न्हाईत की," म्हणाल्या. "आता म्या तिकडं निवद घिऊन गेले की काय सांगू?"

अप्पा, मला आयुष्यात बऱ्याच वेळा लाज वाटली आहे. फी भरायला नसायची तेव्हा, अंगावर दुसऱ्याचा शर्ट असायचा तेव्हा. ती लाज दुसऱ्यांनी लादलेली होती, ती उतरवायला तुम्ही मदत केलीत. ही माझी मी कमावलेली होती. तुमच्या ओसरीतून बाहेर पडताना मला चपला सापडेनात. समोरच होत्या.

तसाच चेअरमनांकडं गेलो. म्हणालो, फायनल खेळवायची. ते म्हणाले, "सर, पेपरात फोटो आलाय. जाहीर झालेलं कसं फिरवणार?" मी म्हणालो, "अप्पांनी तुम्हाला अर्ज भरायला लावला तेव्हा त्यांचं बिनविरोधही जाहीर झालेलंच होतं की." ते मग म्हणाले, "काही झालं तर मी तुमच्या पाठीशी नाही." मी बरं म्हटलं. या खेपेला पाय पुढं पडत होते.

सायकलनं आधी हिरेगावला गेलो, मग बोरवाडीला. मांडव नाही, माईक नाही, पाहुणे नाहीत. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत या. बसवराजनं विचारलं, "आन मारामारी झाली तर?" मी म्हणालो, "मंग मार खाऊ." बोरवाडीत रफिक घरात जाऊन बूट घेऊन आला आणि माझ्यासमोरच नाड्या ओवायला बसला.

सकाळी माळावर फार माणसं नव्हती. पण चेअरमन आले होते. लांब, उगवतीच्या कोपऱ्यापाशी, चष्मा पुसत एकटेच उभे होते. आई बाटलीत पाणी आणि फडक्यात कप घेऊन आली होती. मी शिट्टी वाजवली ती फसकन वाजली. पोरं हसली. बरं झालं.

काय खेळले, अप्पा. तुम्ही असतात तर शिव्या देऊन देऊन घसा बसला असता. एकही गोल होईना. शेवटी शेवटी बसवराजनं त्या कोपऱ्याकडच्या गोलावर एक साधा, मरतुकडा फटका मारला. रफिक झेलायला बसला, आणि चेंडू पाषाणावर पडून त्याच्या डोक्यावरून आत गेला. तुमच्या बाराव्या गड्यानं गोल केला.

बोरवाडीची पोरं माझ्याभोवती जमली. "सर, हा काय गोल हाय? दगडाचा गोल हाय." एकानं माझी कॉलर धरली. हिरेगावचे पळत आले. बांबूंकडं दोघातिघांची नजर गेली ती मी बघितली. चालंल म्हणायची सवय तोंडापर्यंत आली होती, पुन्हा खेळा, बरोबरी धरू, काहीही. मी म्हणालो, "गोल हाय." तेवढंच. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आवाज जरा मोठा आला.

रफिक जाळ्यातून चेंडू काढून घेऊन आला. कॉलर धरणाऱ्याचा हात त्यानं बाजूला केला. "सोड. मीच पुडं यायला पायजे होतं," म्हणाला. "आमी हरलो, सर. कप त्यांना द्या."

हिरेगावची पोरं कप डोक्यावर घेऊन नाचत गेली. मी तिकडं गेलो नाही. बोरवाडीच्या पोरांत जाऊन खाली बसलो, मातीत, मांडी घालून. काय बोलायचं ते मला सुचेना. तुम्हाला कसं सुचायचं कुणास ठाऊक. शेवटी रफिकला विचारलं, "तुझा डावा पाय कुठं होता रं?" तो सांगायला लागला.

तिथून उठून तुमच्या शेतात आलो. अक्का निवद घेऊन आधीच आल्या होत्या. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी ते तुम्हाला सांगितलं, अगदी दारात सांगावं तसं. मग त्या निघून गेल्या आणि मी राहिलो.

नाक्याचं मी इथं लिहून टाकलं आहे. मुक्तिदिनाला पुन्हा कुणी नाका जाळला तर उठेन, असं ठरवलं आहे. उठता येईल की नाही ते त्या दिवशी कळेल. पण दुसरं जे सांगायचं होतं ते तुमच्या मातीसमोर उभं राहून काही तोंडातून निघेना. त्या संध्याकाळी संघाच्या फाटकात तुम्ही हरून आला होतात. उभ्या तालुक्यातल्या हरलेल्या पोरांजवळ जन्मभर जाऊन बसलेला माणूस त्या दिवशी स्वतः हरला होता. त्याच्याजवळ कुणी बसलं नाही. मी तर सायकलवर होतो.

अप्पा, ऊन चढलं होतं. खाली तुम्ही बसलेलेच होतात. मी चपला काढल्या आणि तुमच्याशेजारी मातीत बसलो.